रात्रीचा बॅकअप आणि अर्धा मिनिट हरवणारा सर्व्हर

“रात्री सव्वाएकला सर्व्हर गेला होता. सकाळी बघितलं तर ठणठणीत.”

आयटीत काम करणाऱ्या वाचकांना हे वाक्य पाठ असेल. देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरने रात्री दोन ईमेल पाठवलेल्या असतात: १:१४ ला ‘डाउन’, १:१५ ला ‘अप’. नेटवर्कवाले स्विचचे आलेख दाखवून म्हणतात, आमच्याकडे सगळं हिरवं. सर्व्हरवाले म्हणतात, मशीन रीस्टार्टसुद्धा झालेलं नाही, अपटाइम बघा. बॅकअपवाल्यांच्या अहवालात ‘यशस्वी’. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. मग तिकिटावर ‘नेटवर्कमध्ये तात्पुरता अडथळा’ असा शेरा पडतो, तिकीट बंद होतं, आणि पुढच्या रात्री पुन्हा सव्वाएक वाजतो.

मी नेटवर्क इंजिनियर नाही, प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक आहे. पण हल्ली उपकरणंसुद्धा रात्रभर कुठल्या ना कुठल्या व्हर्च्युअल मशीनशी, म्हणजे व्हीएमशी, बोलत असतात. आमच्याकडची काही मोजमापं सलग नऊ-दहा तास चालतात. उपकरणाच्या सॉफ्टवेअरला वीस सेकंद सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, की ते मोजणी सोडून देतं. नमुना तयार करायला लागलेले तीन आठवडे त्या वीस सेकंदांत जातात, कारण तो नमुना दुसऱ्यांदा वापरता येत नाही. अशा वेळी बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, “मग त्या मशीनचा बॅकअपच बंद करा ना.” म्हणजे एका रात्रीचा डेटा वाचवण्यासाठी सगळ्या वर्षांचा डेटा वाऱ्यावर सोडायचा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा कळलं की रोजचा नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस मुळात तयारच होत नव्हता. सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने काढलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. आज ज्या स्नॅपशॉटला आपण शिव्या घालणार आहोत, त्याची ही बाजूही लक्षात असू द्या.

तर प्रश्न असा: बॅकअप चालू ठेवून ही अर्ध्या मिनिटाची शांतता शोधायची कशी?

घड्याळ काय सांगतं

सुरुवात वेळेपासून करू, कारण ती फुकट मिळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचा एक वाजतो तेव्हा पुण्यात हिवाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात आणि उन्हाळ्यात साडेदहा. ‘रात्रीचा’ बॅकअप हा शब्द म्हणूनच जरा फसवा आहे. इथे आपण झोपलेले असतो, तिथे पुण्याची मंडळी त्याच सर्व्हरवर भर कामात असतात. तक्रारीही बहुधा तिकडूनच येतात. भारतात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये इथली घड्याळं बदलल्यावर पुण्याची तक्रार साडेअकरावरून साडेदहावर सरकली, तर कारण अमेरिकन घड्याळाला बांधलेलं आहे. ती साडेअकरालाच राहिली तर शोध भारताच्या बाजूला घ्यायचा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे संशयित सुटतात.

दुसरी गोष्ट, वेळ रोज तंतोतंत तीच आहे की हळूहळू पुढे सरकते आहे? बॅकअपचं काम एकाला सुरू झालं तरी तुमच्या व्हीएमचा नंबर कधी लागेल हे आधीच्या मशीनवर किती डेटा बदलला यावर ठरतं. १:१४, मग १:१६, मग १:१९ असं सरकत असेल तर बॅकअप सुरू होण्याच्या वेळेशी तुलना करून काहीच हाती लागणार नाही. बॅकअपच्या लॉगमध्ये खोल जाऊन आपल्या मशीनच्या दोन ओळी शोधा: स्नॅपशॉट काढला ती वेळ, आणि स्नॅपशॉट मिटवला ती वेळ. शांतता या दोनपैकी एकीला चिकटलेली आहे, की दोघींच्या मधल्या काळात पसरलेली आहे, हे पाहायचं. अर्थात त्याआधी सगळ्या मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळवून घ्यायला हवीत. दोन घड्याळांत मिनिटभराचा फरक असेल तर ही सगळी तुलना व्यर्थ आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

एका दणकट संगणकावर वीस-तीस व्हीएम राहतात, जुन्या वाड्यात बिऱ्हाडं राहायची तशा. प्रत्येकाचं दार वेगळं, पण नळ आणि जिना एकच. इथला नळ म्हणजे नेटवर्क कार्ड आणि जिना म्हणजे डिस्क. (कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालवून दाखवले होते. साध्या पीसीच्या जातीच्या संगणकांवर ती १९९९ मध्ये व्हीएमवेअरने आणली.)

चालू मशीनची प्रत काढणं सोपं नाही. कॉपी करायला तीन तास लागले तर डिस्कचा पहिला भाग रात्री एकचा आणि शेवटचा चारचा असेल. फोनवर पॅनोरमा काढताना एखादं पोर धावत सुटलं तर ते फोटोत दोनदा दिसतं, तसंच. फोटोत ते विनोदी वाटतं. डेटाबेसमध्ये मात्र तो बॅकअप कुचकामी ठरू शकतो.

यावरचा तोडगा आपल्याकडच्या दुकानदारांना चांगला परिचयाचा आहे. खतावणी तपासायला हिशेबनीसाकडे द्यायची आहे, पण गिऱ्हाईक तर येतच राहणार. मग खतावणी आहे तिथे बंद करायची आणि नवे व्यवहार रोजकीर्दीत लिहायचे. खतावणीचं काम झालं की रोजकीर्दीतल्या नोंदी तिच्यात चढवायच्या. स्नॅपशॉट म्हणजे हेच. मूळ डिस्क फाइल गोठवली जाते, नवं लिखाण एका वेगळ्या फाइलमध्ये जातं, बॅकअप सॉफ्टवेअर गोठलेली फाइल निवांत वाचतं, आणि शेवटी वेगळ्या फाइलमधलं सगळं मुळात विलीन केलं जातं.

वह्या बदलण्याच्या क्षणी मात्र दुकान थांबवावं लागतं. लहानपणी आपण ‘स्टॅच्यू!’ खेळायचो ना, तसा व्हीएमला स्टॅच्यू दिला जातो. व्हीएमवेअरवाले याला ‘स्टन’ म्हणतात. प्रोसेसर थांबतो, म्हणजे मशीनसाठी काळच थांबतो. या अवस्थेत ते पिंगला उत्तर देत नाही, पॅकेट पाठवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला नेटवर्क तुटल्यासारखंच दिसतं, मात्र तार शाबूत असते आणि स्विचवरचा दिवाही हिरवाच असतो. नेटवर्कवाले खोटं बोलत नव्हते ते असं.

स्नॅपशॉट काढतानाचा स्टॅच्यू सहसा एखाद्या सेकंदाचा असतो. त्याआधी मशीनच्या आत थोडी आवराआवर होते: विंडोजमध्ये व्हीएसएस ही सेवा डेटाबेसला हातातलं लिखाण पुरं करायला सांगते, लिनक्समध्ये फाइल सिस्टिम क्षणभर गोठवतात. विंडोज डेटाबेसना जास्तीत जास्त ६० सेकंद रोखून धरू शकतं. त्या काळात नेटवर्क चालू असतं, पण डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

खरा त्रास स्नॅपशॉट मिटवताना होतो. रोजकीर्द खतावणीत चढवायची, पण ती चढवत असताना गिऱ्हाईक थांबलेलं नाही. मग आणखी एक चिटोऱ्यांची वही काढायची, त्यात तोवरचं लिहायचं, मग ती चढवायची. शेवटी एक छोटीशी वही उरते, तेव्हा शटर खाली ओढून ती एका दमात चढवायची. मशीन शांत असेल तर हा दम एका सेकंदाचा. पण डिस्क संथ असेल आणि मशीन जोरात लिहीत असेल, तर वह्या लहान होतच नाहीत आणि शटर बराच वेळ खाली राहतं. २०१५ च्या आवृत्ती ६.० पासून व्हीएमवेअरने पद्धत बदलली. आता विलीनीकरण चालू असताना नवं लिखाण दोन्हीकडे एकदमच होतं, त्यामुळे शेवटचा स्टॅच्यू बराच छोटा झाला. तरी तो शून्य झालेला नाही.

एक खास प्रकार मुद्दाम सांगतो, कारण तो ओळखला नाही तर माणसं महिनोन्‌महिने केबल बदलत बसतात. डिस्क एनएफएस आवृत्ती ३ च्या सामायिक साठ्यावर आहे, बॅकअप घेणारं प्रॉक्सी मशीन दुसऱ्या होस्टवर आहे, आणि ते आपल्या व्हीएमची डिस्क स्वतःला थेट जोडून वाचतं. याला हॉट-अॅड म्हणतात. वाचून झाल्यावर त्या डिस्क फाइलचं कुलूप एका होस्टकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो आणि स्नॅपशॉट मिटवताना व्हीएम साधारण ३० सेकंद निपचित पडते. हे खुद्द व्हीएमवेअरने नोंदवून ठेवलेलं वर्तन आहे. प्रॉक्सी त्याच होस्टवर ठेवलं, किंवा हॉट-अॅड सोडून डिस्क नेटवर्कवरून वाचली, की हा त्रास थांबतो. शांतता रोज जवळजवळ तेवढीच, अर्ध्या मिनिटाची असेल तर मी सगळ्यात आधी इथे बघेन.

तारेवर संशय किती घ्यावा?

“बॅकअपने नेटवर्क भरून जातं” हे स्पष्टीकरण सगळ्यात लोकप्रिय आहे. ते तपासायला अंकगणित पुरतं.

एक गिगाबिटची तार सेकंदाला १२५ मेगाबाइट वाहते. दोन टेराबाइटचा पूर्ण बॅकअप तिच्यावरून पाठवायला १६,००० सेकंद, म्हणजे जवळपास साडेचार तास लागतील, आणि तेवढा वेळ तार तुडुंब असेल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांगने १९०९ मध्ये टेलिफोनच्या वर्दळीचं गणित मांडलं. त्यातून पुढे वाढलेल्या रांगांच्या शास्त्रातलं सगळ्यात साधं सूत्र असं: सेवेला लागणारा वेळ भागिले शिल्लक राहिलेली क्षमता. तार निम्मी भरलेली असेल तर पॅकेटला दुप्पट वेळ, नव्वद टक्के भरली तर दहापट, नव्व्याण्णव टक्के भरली तर शंभरपट.

शंभरपट ऐकून दचकायला होतं. पण कशाच्या शंभरपट? १,५०० बाइटचं पॅकेट त्या तारेवरून जायला १२ मायक्रोसेकंद घेतं. त्याच्या शंभरपट म्हणजे १.२ मिलिसेकंद. वीस सेकंद कुठे आणि हे कुठे! शिवाय स्विचमध्ये रांग लावायला जागाच मर्यादित असते. बफर १२ मेगाबाइटचा धरला तरी तो काठोकाठ भरल्यावर रिकामा व्हायला एक दशांश सेकंद लागतो. त्याहून जास्त गर्दी झाली तर पॅकेट रांगेत उभं राहत नाही, टाकून दिलं जातं. म्हणजे गर्दीचं लक्षण असं असतं: थोडा उशीर आणि अधूनमधून विखुरलेली गळती. सलग अर्धा मिनिट सन्नाटा हे गर्दीचं लक्षण नाही.

यावर कुणी म्हणेल, गळालेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं आणि दर वेळी दुप्पट थांबतं, त्यातून मोठी शांतता तयार होईल. बघू. लिनक्समध्ये पहिली वाट पाहणी कमीत कमी ०.२ सेकंदाची असते, मग ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.४. सहा वेळा लागोपाठ पॅकेट गळालं तर १२.६ सेकंद जातील. गळती दोन टक्के असेल आणि प्रत्येक गळती स्वतंत्र असेल, तर असं होण्याची शक्यता सुमारे दीड हजार कोटींत एक. गळती प्रत्यक्षात इतकी स्वतंत्र नसते, झुंडीने येते, हे मान्य. तरी रोज रात्री ठरल्या वेळी असं घडायला तार काही काळ जवळपास पूर्ण बंदच पडावी लागेल.

आणि तशी ती पडू शकते, फक्त गर्दीने नाही. बॅकअप नीट झाला का हे तपासायला काही व्यवस्था रात्रीच त्या व्हीएमची प्रत सुरू करून बघतात. ही प्रत वेगळ्या बंदिस्त नेटवर्कमध्ये न ठेवता खऱ्या नेटवर्कमध्ये उठली, तर एकाच पत्त्याची दोन मशीन होतात आणि स्विचला कळेनासं होतं की पॅकेट कुणाच्या दारात टाकायचं. दुसरं, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर. हायपर-व्हीवर काही एक गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये व्हीएमक्यू ही सोय चालू राहिली की व्हीएमचं नेटवर्क रखडायचं किंवा तुटायचं. ही सोय मुळात दहा गिगाबिटच्या कार्डांसाठी होती. ती बंद केली की काम भागायचं. तिसरं, मोठ्या पॅकेटांचा घोळ. बॅकअपसाठी ९,००० बाइटची पॅकेट चालू केली आणि वाटेतल्या एका स्विचला ते सांगायचं राहिलं, तर साधी पिंग झकास चालते आणि डेटा मात्र अडतो. हे तपासायला ८,९७२ बाइटची पिंग ‘तुकडे करू नका’ या अटीवर पाठवायची. उरलेले २८ बाइट शीर्षकांत जातात.

नाडी बघायचा प्रयोग

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. नुसत्या पिंगवरून थांबलेलं मशीन आणि तुटलेलं नेटवर्क यांत फरक करता येत नाही, दोन्हीकडे शांतताच. मशीनच्या आतला लॉग बघावा तर तोही दगा देतो, कारण स्टॅच्यूमध्ये मशीनचं घड्याळही थांबू शकतं. झोपलेल्या माणसाला तो किती वेळ झोपला हे विचारण्यासारखं आहे ते. म्हणून आत मोजायचं आणि बाहेर नोंदवायचं.

व्हीएममध्ये एक छोटा प्रोग्राम चालवा. तो एक सेकंद थांबतो, अनुक्रमांक घातलेलं एक यूडीपी पॅकेट बाहेरच्या मशीनला पाठवतो, पुन्हा एक सेकंद थांबतो. पायथनमध्ये दहा ओळी होतात. बाहेरचं मशीन प्रत्येक पॅकेट आल्यावर स्वतःच्या घड्याळातली वेळ आणि तो अनुक्रमांक लिहून ठेवतं. टीसीपी मुद्दाम वापरायचं नाही, कारण ते गळालेलं परत पाठवून पुरावा पुसून टाकतं. बाहेरचं मशीन त्या होस्टवरचं नको, आणि शक्यतो बॅकअपच्या रांगेतलंही नको.

सकाळी ती यादी उघडा. समजा ४०० क्रमांकानंतर पंचवीस सेकंद काही आलं नाही. पुढचा क्रमांक ४२५ असेल तर मधली पॅकेट निघाली होती पण पोचली नाहीत. दोष वाटेत आहे. पुढचा क्रमांक ४०१ असेल आणि त्यामागे ४०२, ४०३ असे चोवीस-पंचवीस क्रमांक एकदम धाडकन आले, तर पॅकेट कुठेतरी अडवून धरली होती. आणि पुढचा क्रमांक ४०१ असून त्यानंतर ४०२ बरोबर एका सेकंदाने आला, ४०३ आणखी एका सेकंदाने, जणू काही घडलंच नाही, तर ती पॅकेट पाठवलीच गेली नव्हती. मशीन थांबलेलं होतं. तीन शक्यतांच्या तीन वेगळ्या सह्या, आणि त्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत. आमच्या उपकरणाच्या सर्व्हरवर तिसरी सही मिळाली तेव्हा केबल बदलायचा प्रस्ताव आपोआप मागे पडला.

याला एक जोड द्या. दुसरा प्रोग्राम तसाच, पण पॅकेट पाठवण्याआधी डिस्कवर एक ओळ लिहितो आणि ती खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. पहिली नाडी नियमित आणि दुसरी अडखळलेली असेल, तर नेटवर्क आणि प्रोसेसर दोन्ही निर्दोष आहेत, जिना तुंबला आहे. वर सांगितलेला व्हीएसएसचा गोठवण्याचा काळही याच सहीत पकडला जातो. केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थेत हे विशेष दिसतं. तिथे बॅकअप चालू असताना मशीनला एखादा भाग नव्याने लिहायचा असेल, तर त्यातला जुना मजकूर आधी बॅकअपकडे पोचवावा लागतो. बॅकअपचं ठिकाण संथ असलं की मशीनचं स्वतःचं लिखाणही संथ होतं. २०२४ मधल्या ८.२ आवृत्तीत यावर उपाय आला: जुना मजकूर आधी जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवायचा आणि तिथून सावकाश पुढे पाठवायचा.

संशोधकाच्या सवयीने आणखी एक आग्रह धरेन, तो म्हणजे तुलनेसाठी जोडीदार. त्याच होस्टवरच्या, पण त्या रात्री बॅकअप नसलेल्या एका व्हीएममध्ये हीच नाडी चालवा, आणि एक दुसऱ्या होस्टवर. फक्त बॅकअपवाली अडखळली तर स्नॅपशॉट. त्या होस्टवरच्या सगळ्या अडखळल्या तर तो होस्ट, त्याचं कार्ड किंवा त्याची डिस्क. सगळीकडच्या अडखळल्या तर स्विच किंवा सामायिक साठा. आणि काहीच अडखळलं नाही तर नोंदवणारं मशीन व्यवस्थित आहे हे कळतं, तेही महत्त्वाचं.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रात्री बॅकअपमध्ये दोन गोष्टी एकत्र घडतात, स्नॅपशॉट आणि डेटाची वाहतूक. त्या वेगळ्या करा. लोकांना आधी कळवून, दुपारी हाताने स्नॅपशॉट काढा, बॅकअपला जितका वेळ लागतो साधारण तितका ठेवा आणि मिटवा. लगेच मिटवू नका, नाहीतर रोजकीर्दीत काही साठलेलंच नसेल आणि चाचणी उगाचच पास होईल. एक बाइटही तारेवरून न जाता तीच शांतता आली, तर तार निर्दोष. दुसऱ्या दिवशी स्नॅपशॉट न काढता त्याच तारेवरून मोठी फाइल तासभर ढकला. हाताने काढलेल्या स्नॅपशॉटमध्ये काही झालं नाही, फाइल ढकलून काही झालं नाही, आणि रात्री मात्र होतंच आहे, तर उरलेला फरक बघा. बॅकअपचं प्रॉक्सी डिस्क जोडून घेतं तो, म्हणजे वर सांगितलेलं एनएफएसचं कुलूप.

मग करायचं काय

उपाय सहीवर अवलंबून आहे, म्हणून तर एवढा खटाटोप. मशीन थांबत असेल तर आधी बघा की जुने, विसरलेले स्नॅपशॉट साठले नाहीत ना. एकावर एक चार-पाच रोजकीर्दी पडलेल्या असल्या की नवं प्रत्येक विलीनीकरण जड होतं. मेमरीसकट स्नॅपशॉट काढला जात असेल तर ते बंद करा. बॅकअपला त्याची गरज नसते. बॅकअपची वेळ अशी निवडा जेव्हा ते मशीन कमी लिहितं, आणि ‘कमी लिहितं’ हे मोजून ठरवा. इथली मध्यरात्र म्हणजे पुण्याची ऐन कचेरीची वेळ हे विसरू नका. सतत लिहिणाऱ्या मोठ्या डेटाबेसला स्नॅपशॉटच्या वाटेला लावूच नये असं माझं मत आहे. त्याच्या स्वतःच्या बॅकअप सोयी किंवा मशीनच्या आत बसणारा एजंट वापरावा. काम थोडं वाढतं, पण स्टॅच्यू टळतो.

वाटेतच गळत असेल तर बॅकअपला वेगळं कार्ड आणि वेगळी तार द्या. ‘आम्ही वेगळं व्हीलॅन केलंय’ असं उत्तर बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण दोन व्हीलॅन एकाच तारेवरून जात असतील तर ते फक्त रस्त्यावर पांढरा पट्टा ओढणं आहे, रस्ता तेवढाच. वेगळी तार शक्य नसेल तर बॅकअपच्या वेगाला मर्यादा घाला. डिस्क तुंबत असेल तर एकाच वेळी किती व्हीएमचा बॅकअप चालतो तो आकडा खाली आणा. बॅकअप उशिरा संपेल, पण बहुतेक ठिकाणी सकाळपर्यंतची फुरसत असते.

तरीही दोन-तीन सेकंदांचा स्टॅच्यू उरतोच, आणि इथे वरच्या सॉफ्टवेअरचा उतावीळपणा आड येतो. टीसीपी स्वतः भलतं सहनशील आहे. लिनक्स नेहमीच्या मांडणीत उत्तर न देणाऱ्या जोडणीसाठी पंधरा मिनिटांच्या आसपास प्रयत्न करत राहतं. अर्ध्या मिनिटाच्या शांततेने जोडणी तुटत नाही, ती कुणीतरी तोडतं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा क्लस्टर एकाच सबनेटमधला साथीदार पाच सेकंद गप्प राहिला की त्याला मृत समजायचा. २०१६ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ही मर्यादा दहा सेकंद केली. अशी मर्यादा मोजलेल्या स्टॅच्यूच्या थोडी वर नेणं योग्य आहे. ती पाच मिनिटांवर नेणं योग्य नाही, कारण मग खरोखर मेलेला सर्व्हर पाच मिनिटं कुणाला कळणार नाही. आमच्या उपकरणाच्या वीस सेकंदांवर हात लावायची परवानगी नव्हती, त्यामुळे त्या सर्व्हरचा बॅकअप आतल्या एजंटवर गेला आणि त्याची वेळ मोजमापाच्या तयारीच्या तासात बसवली.

उपाय केल्यावर नाडी किमान आठ रात्री चालू ठेवा. बहुतेक ठिकाणी रोज फक्त बदललेला भाग उचलतात आणि पूर्ण बॅकअप आठवड्यातून एकदा असतो, तोही शनिवार-रविवारी. सोमवार ते शुक्रवार पाहून ‘सुटलं’ म्हटलं तर तो मोठा बॅकअप तपासलेलाच नसतो. बॅकअपमधून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढूनही बघा. पद्धत बदलली आहे, तेव्हा नुसत्या ‘यशस्वी’ या शब्दावर जाऊ नका. आणि तुमच्या कामाची वेळ रात्री एक ते दोनच्या मध्ये असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारची नोंद करून ठेवा. त्या रात्री अमेरिकेत हा तास दोनदा येतो, आणि काही वेळापत्रकं तेच काम दोनदा सुरू करतात. पहिला बॅकअप अजून खतावणी वाचत असतो आणि दुसरा नवी रोजकीर्द उघडायला येऊन उभा राहतो.